झोळ

नवा होतो, तेव्हा सनैयात कुणी ओरडलं, "मतर! मतर!"
आणि मला वाटलं, मटार आले.
एकोणीस वर्षं झाली त्याला.
आता वर न बघता, मानेला लागणाऱ्या दमट वाऱ्यावरून सांगतो:
मतर येतोय. गाड्या आत घ्या.

कुणी घेत नाही.
रास अल खैमात पाऊस म्हणजे वर्षाचे चार-पाच दिवस,
त्यातले दोन तर काचेवर चिखलाचे ठिपके काढून जाणारे.
गानिमच्या जीपला ना दारं, ना छत.
छत त्यानं घरामागं शेळ्यांच्या सावलीला लावलंय.
"तिसेकर, इथं पाऊस पडतो कुठं?"
मी म्हटलं, माझ्या घराच्या भिंतीवर तीन रेघा आहेत,
तीन पुरांच्या.
दर पुरानंतर विजेचं मीटर वीतभर वर गेलंय.
आता वाचायला स्टूल लागतं.
तो गाडी ठेवून गेला.

चार दिवस मी आणि खिमलाल जीपच्या पोटात उताणे.
सीटखालचा अँप्लिफायर आधी उचलला.
पाणी बैठक विचारत नाही,
सगळ्यात खालची जागा घेऊन मोकळं होतं.
फ्यूजची पेटी उघडली तर पितळेवर हिरवट साय,
खारी हवा पावसाच्या आधीच कामाला लागलेली.
घासली. मग एकेका कनेक्टरच्या तोंडाला बोटानं ग्रीस,
तान्ह्याच्या डोळ्यांत काजळ घालावं तसं,
भसकन नाही.
स्विचांमागं रबर. स्क्रीनच्या कडेनं सिलिकॉन.
कार्पेट उचकटून तळाची बुचं काढली, जाळ्या बसवल्या.
गानिम बघायला आला आणि भडकला: भोकं पाडतोस?
भोकं कंपनीचीच आहेत बाबा.
येऊ नको म्हटलं तर पाणी ऐकत नाही.
जा म्हटलं, तर जातं.

खिमलालनं वायरी ताणून बांधल्या,
तंबोऱ्याच्या तारेसारख्या,
आणि शाबासकीची वाट बघत बसला.
मी सगळ्या कापून सोडवल्या.
ताठ वायर म्हणजे थेंबाला सरळ सडक, थेट मेंदूच्या पेटीत.
झोळ ठेव.
पेटीच्या खाली उतरू दे तिला, मग वर चढू दे.
थेंब वायरीवरून चालत येतो, झोळाशी थांबतो,
पुढचा चढ बघून कंटाळतो. टपकतो.
झोळाला हिंदीत काय म्हणतात, मला आठवेना.
दोन्ही हातांत दोरी धरून दाखवली.
तो बघत राहिला, मग म्हणाला, पूल.
आमच्या गावाकडचा, नदीवरचा, हलणारा.
हो. पूल.

फेब्रुवारीत, रात्री अडीचला, वाडी आली.
इथं वाडी म्हणजे वस्ती नव्हे, कोरडी नदी,
आणि ती आली की डोंगर सोबत आणते.
सकाळी फाटकाशी सात गाड्या, दोरीनं ओढून आणलेल्या, मुक्या.
एकीच्या डॅशबोर्डवर कुणी पाच किलो बासमती ओतलेला.
आठवी स्वतःच्या चाकांनी आली.
गानिम कपड्यांसकट निथळत होता,
काटे जागेवर, दिवे जागेवर, रेडिओवर कुणीतरी खोकत होतं.
गेलं होतं एकच:
सीट गरम करायचं यंत्र.
वाळवंटात.
दोघंही हसलो, तो जरा जास्तच.

रात्री जुलेखाचा फोन.
मिरगाच्या आधी मीटर अजून वर घ्यायचं का,
वायरमन विचारत होता.
आणि थोरलीनं शाळेत काय म्हटलं,
"बाबा म्हणजे फोनमधले."
हसत सांगितलं तिनं. सरळ, एका दमात.
मी काही बोललो नाही.
"लाईन गेली काय? ऐकताय ना?"
ऐकतोय, म्हटलं.
जरा खाली उतरून
वर येत होतो.